बिलावर ३०, पिशवीत २०: मेडिकलमध्ये मोजून घेतलं नाही ही चूक कोणाची?

केतकी
आईचा कॅन्सर मणक्यात पसरलाय. डॉक्टरांनी दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल लिहून दिल्या, दिवसातून तीन, दहा दिवस. घराजवळच्या मेडिकलमधून भावाने आणल्या. तपकिरी कागदी पिशवी, तोंडाला बिल स्टेपल केलेलं, आत पोट साफ व्हायचं सिरप, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या असं सगळं एकत्र. बिलावर कॅप्सूल ३०.

सातव्या दिवशी दुपारची कॅप्सूल दिली. रात्रीची काढायला गेले तर डब्यात दोन रिकाम्या स्ट्रिपा, तिसरी नाहीच. पलंगाखाली बघितलं, कपाट उपसलं, जुनी पिशवी झटकली. सहा दिवसांच्या अठरा आणि सातव्या दिवसाच्या दोन, म्हणजे वीस. हिशोब तंतोतंत वीसचाच लागत होता.

दुकान बंद व्हायच्या आत भावाला घेऊन गेले. मालक म्हणाले, "ताई, बिलाला ३०, रजिस्टरला ३०. घरात नीट बघा." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे नाही, भावाकडे बघितलं. तो बावीस वर्षांचा आहे, त्याला कळलं. पैसे देऊन दहा मागितल्या तर म्हणाले, चिठ्ठीवर शिक्का पडलाय, नवी आणा. हे मात्र बरोबर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिल्याशिवाय एका चिठ्ठीवर असं औषध दुसऱ्यांदा देता येत नाही. नवी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी अकराला मिळाली. मधली रात्र कशी गेली ते लिहीत नाही. आई कूस बदलताना आवाज करत नाही, उशीचा अभ्रा मुठीत धरते.

माझा मुद्दा वेगळाच आहे. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून या औषधांची वेगळी वही ठेवावी लागते. त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. छान. पण ३० हा आकडा लिहिणारा दुकानदार, देणारा दुकानदार, आणि वाद झाला की पुरावा तीच वही! घेणाऱ्याची सही कुठेच नाही. माझं म्हणणं एवढंच की अशी औषधं दुकानदाराने गिऱ्हाइकासमोर मोजावीत आणि त्याची सही घ्यावी. "तुम्ही मोजून का घेतलं नाही" हे उत्तर मला मान्य नाही.

मेडिकलवाला
केतकीताई, आईंना आराम पडो. पण मी असहमत. बावीस वर्षं काउंटरच्या या बाजूला उभा आहे, म्हणून थोडं कडू लिहितो.

पिशवी काउंटरवरून उचलली की आमचा विषय संपला. तसं नाही केलं तर दुकानच चालणार नाही. "कमी निघाल्या" म्हणत महिन्याला दोन-तीन जण येतात, आणि ते रक्तदाबाच्या गोळ्या कमी निघाल्या म्हणून येत नाहीत हो. एकजण महिन्यात तीनदा आला, तिन्ही वेळा मावशी वेगळी. एप्रिल २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. इन्स्पेक्टर येतो, खरेदीची बिलं काढायला लावतो, विक्रीची वही उघडतो आणि ड्रॉवरमधल्या स्ट्रिपा मोजतो. दहा कॅप्सूलचा फरक निघाला तर तुमची एक रात्र जाते, माझं लायसन जातं.

सही घेणार म्हणताय. संध्याकाळी सात वाजता काउंटरवर पंधरा माणसं असतात. एक म्हातारेबुवा चष्मा शोधणार, मग पेन मागणार, आणि मागचे चौदा जण मला शिव्या घालणार.

तुमच्या भावाकडे तसं बघायला नको होतं. तेवढं मान्य.

तिरकस
भाजीवाली मिरच्या तोलताना काटा आपल्या डोळ्यांसमोर धरते. तिला तर लायसन पण नाही.

शुश्रूषा
मी मुंबईत वेदनाशमन विभागात नर्स आहे. आमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या देताना दोघी मोजतो, दोघी सह्या करतो, आणि पेशंटच्या माणसाच्या हातावर ठेवून त्याच्याकडून पुन्हा मोजून घेतो. सगळं मिळून एक मिनिट जातं. पुढच्या खेपेला रिकाम्या स्ट्रिपा आणायला सांगतो. तेव्हा गर्दीचं कारण मला पटत नाही.

पण मेडिकलवाले दादांचा संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगते. गोळ्या घरातूनही जातात. कधी नातू उचलतो, कधी कामाला येणारं कोणी. आणि खूपदा पेशंट स्वतःच एखादी जास्त घेतो आणि बोलत नाही. कारण दुखणं वाढलं म्हटलं की आजार वाढला असं घरचे समजणार, ही भीती. केतकी, तुझ्या घरात असंच झालं असेल असं नाही म्हणत. पण आईला एकदा एकटीला विचार, भाऊ खोलीत नसताना.

दुसरं, ही औषधं एकदम तुटू देऊ नयेत. रोज घेणाऱ्याला दुखण्याबरोबर घाम, अस्वस्थपणा, झोप उडणं असलं सगळं सुरू होतं. दोन दिवसांच्या कॅप्सूल उरल्या की चिठ्ठीच्या मागे लागायचं. शेवटच्या स्ट्रिपेची वाट बघायची नाही.

रामबाण
एवढं काय, घरात डायक्लोफेनॅक असतंच की. एक रात्र त्यावर भागलं असतं.

शुश्रूषा
रामबाण, कृपा करून असले सल्ले देऊ नका. केमो चालू असेल तर प्लेटलेट कमी असू शकतात, त्यात डायक्लोफेनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. किडनीचं वेगळंच. रात्री अकरा वाजले तरी डॉक्टरला फोन करायचा. त्यांनी उचलला नाही तर जिथे उपचार चालू आहेत तिथल्या कॅज्युअल्टीत जायचं.

जर्सीकर
इथे न्यू जर्सीत नवऱ्याच्या पाठीच्या ऑपरेशननंतर ऑक्सिकोडोन, असंच दुखण्यावरचं कडक औषध, आणायला जायचे मी. इथे गोळ्या सुट्या असतात. फार्मासिस्ट ट्रेवर पट्टीने पाच-पाच करून मोजते आणि नारिंगी डबीत ओतते. अशा औषधांना बहुतेक ठिकाणी दोनदा मोजतात, मोठ्या बाटलीत किती उरल्या त्याचाही ताळा घेतात. त्यामुळे कमी आल्या असं वाटलं तर आधी एकच मागायचं, तुमचा स्टॉक मोजा. तिकडे तेवढ्याच जास्त निघाल्या तर वाद मिटतो.

पण इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. दुकानात साठा अपुरा असला की अर्ध्या देतात आणि उरलेल्या ७२ तासांत द्याव्या लागतात. ते तास उलटले की बाकीच्यांवर पाणी, डॉक्टरकडून नवं प्रिस्क्रिप्शन. आणि "कमी आहेत" म्हणणाऱ्याकडे इथेही त्याच नजरेने बघतात. माझ्याकडे बघितलंय.

मेडिकलवाला
तिथे सुट्या गोळ्या, मोजाव्याच लागतात. आपल्याकडे कंपनीची बंद स्ट्रिप. दहाची एक, वीसच्या दोन. त्यात मोजायचं काय?

तिरकस
तेच तर. तीन स्ट्रिपा मोजायला काय जातं?

केतकी
आणि स्ट्रिप बंद असते कुठे! सात लिहिल्या की कात्री लावतात. एक्स्पायरीची तारीख असलेला तुकडा दुकानात राहतो, आपल्या हाती नुसती चंदेरी फॉइल येते. बॅच नंबर बिलावर छापलेला असतो, पण पिशवीतलं औषध त्याच बॅचचं आहे हे तुकड्यावरून कसं कळणार?

पांथस्थ
ताई, ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी सुद्धा नाही. औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या, वही तपासायला लावा. नरमाईने काही होत नाही.

रानजाई
पांथस्थ, तुम्ही शहरात राहता वाटतं. आमच्या तालुक्याच्या गावी ट्रॅमाडॉल ठेवणारं एकच मेडिकल उरलंय. बाकीच्यांनी २०१८ नंतर हात झटकले, कोण वही ठेवत बसणार म्हणून. त्याच्यावर अर्ज टाकला तर तोही बंद करेल. मग बाबांसाठी दर आठवड्याला जिल्ह्याला एसटीने जा. मॉर्फिनसाठी २०१४ साली कायद्यात सुधारणा झाली, मान्यता मिळालेल्या दवाखान्यांचे परवाने सुटसुटीत झाले म्हणतात. पण ते दवाखाने आहेत शहरात. माझ्यासाठी मोजून देणारा मेडिकलवाला हा दुसरा प्रश्न आहे. पहिला, देणारा तरी हवा.

मेडिकलवाला
रानजाईताई, हे कुणीतरी बोललात, आभार. आम्हाला चोर ठरवलंत की आम्ही ते औषध ठेवणं सोडतो, आणि आम्हाला कोणी विचारत नाही.

तिरकस
आणि गिऱ्हाइकाला चोर ठरवलं की तो काय सोडणार? दुखणं?

पांथस्थ
सीसीटीव्ही मागितलं का?

केतकी
मागितलं. कॅमेरा गल्ल्यावर रोखलेला आहे, पैसे दिसतात. पिशवी भरणाऱ्या मुलाची पाठ दिसते.

जर्सीकर यांचं वाचून काल पुन्हा गेले, स्टॉक मोजा म्हटलं. मालक कुरकुरले, पण मोजला. कॉम्प्युटरवर चार स्ट्रिपा, ड्रॉवरमध्ये चार. जास्तीची एकही नाही. म्हणजे ती स्ट्रिप दुसऱ्या कुणाच्या पिशवीत गेली, नाहीतर आमच्याच घरात हरवली. कळायला मार्ग नाही. मालकांचा चेहरा "बघा, म्हटलं नव्हतं?" असा. खरं सांगते, मला वाटलं होतं तितकी माझी बाजू पक्की नाही.

शुश्रूषाताई, आईला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला जास्त घेईन? मला तर त्या घेतल्या की गुंगी येते." मग जरा थांबून, "पोराला बोलू नका काही." म्हणजे तिच्याही मनात आलं होतं. भावाने तेव्हापासून आईच्या औषधांच्या डब्याला हात लावलेला नाही. पाण्याचा ग्लास देतो, कॅप्सूल मला काढायला लावतो.

म्हणून मी अजून माझ्या मुद्द्यावरच आहे. चूक कोणाची ते सोडा. त्या दिवशी दोघांसमोर तीन स्ट्रिपा मोजल्या असत्या तर आज या घरात कोणी कोणाकडे तसं बघितलं नसतं.

मेडिकलवाला
सही मी घेणार नाही, ते अजूनही शक्य नाही. पण एच-१ च्या औषधांची पिशवी वेगळी करायची आणि स्ट्रिपा बिलावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवायच्या, एवढं पोरांना कालपासून सांगितलंय. दोन दिवस ऐकतील.

केतकी
आज नव्या चिठ्ठीवर २१ घेतल्या, भावाला मुद्दाम बरोबर नेलं. काउंटरवर त्यालाच मोजायला लावल्या, मोठ्याने. दोन पूर्ण स्ट्रिपा, आणि कात्रीने कापलेली एक सुटी. सुटीवर तारीख नाही म्हणून तो अडून बसला, तारखेच्या बाजूचा तुकडाच द्या म्हणाला. दुकानातला मुलगा हसला, पण दिला.