रक्त पळत नाही, घोडा पळतो: स्टड फी भरून आपण नेमकं काय विकत घेतो?

तबेला_नंबर_तीन

शर्यतीच्या घोड्यांच्या लिलावाचा कॅटलॉग कधी हातात घेतलाय? एका शिंगराला एक पान. वर बाप, खाली आई, मग आजी, पणजी. ज्याने मोठी, म्हणजे 'ब्लॅक टाइप'ची शर्यत जिंकली त्याचं नाव ठळक आणि कॅपिटल अक्षरांत. अशा शर्यतीत दुसरा-तिसरा आलेल्याचं ठळक, पण लहान अक्षरांत. बाकीची प्रजा साध्या टायपात. घेणारे आधी पानावरची शाई मोजतात आणि मग कुठे शिंगराच्या पायांकडे बघतात.

एका घोड्यात माझाही बारीकसा हिस्सा आहे, त्यामुळे हे दुरून बोलत नाही. माझा मुद्दा सरळ आहे. वळू घोड्याची फी (स्टड फी, म्हणजे त्याच्याकडून घोडी फळवून घ्यायचे पैसे) ही त्याच्या पोरांच्या वेगाची किंमत नसते, ती नावाची किंमत असते. 2007 मध्ये एडिनबराच्या दोघा संशोधकांनी हजारो थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या खास जातीच्या, घोड्यांच्या कमाईचा हिशेब मांडला. घोडा आयुष्यात किती बक्षीस मिळवतो यातल्या फरकापैकी जेमतेम दहा टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. बाकी सगळं ट्रेनर, खुराक, जॉकी, नशीब. महाग घोड्याची पोरं जास्त कमावतात ती मुख्यतः महाग फी परवडणारा मालक महाग ट्रेनरही ठेवतो म्हणून.

आणि 'द ग्रीन मंकी' आठवा. 2006 मध्ये फ्लोरिडाच्या लिलावात एक कोटी साठ लाख डॉलर. विक्रीआधी एक फर्लांग (साधारण दोनशे मीटर) 9.8 सेकंदांत काढला होता, आजोबा स्टॉर्म कॅट हा गाजलेला वळू, म्हणजे सगळे ग्रह उच्चीचे. एकूण तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही, कमाई दहा हजार डॉलरच्या आसपास. तरीही पुढे स्टडला, म्हणजे पैदाशीला, उभा राहिला! जिंकला काय? काही नाही. विकलं काय? आजोबा.

आपल्याकडे तर परदेशात न चाललेला, पण चांगल्या घरचा घोडा आणायचा आणि वीस वर्षं त्याच्या खानदानावर जगायचं, हीच रीत. चॅम्पियन सायरच्या (ज्याच्या पोरांची वर्षाची कमाई सर्वांत जास्त, त्या बापाच्या) याद्या काढा, बहुतेक नावं आयात. इथल्या मातीवर, इथल्या उकाड्यात डर्बी मारलेल्या देशी पैदाशीच्या घोड्याला चांगल्या घोड्या मिळतच नाहीत. का?

मांजरीकर

'का' चं उत्तर एका नावात देतो: रझीन.

नॉर्दर्न डान्सर या गाजलेल्या वळूचा मुलगा, ट्रेनर हेन्री सेसिल. 1990 च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट होता आणि पार मागे पडला. तुमच्या नियमाने त्याला टांग्याला जुंपायला हवा होता. तो भारतात उषा स्टडला आला आणि वर्षानुवर्षं चॅम्पियन सायर राहिला. रेसकोर्सवर ज्यांनी नव्वदीचं आणि त्यापुढचं दशक काढलंय त्यांना 'रझीनचं पोर' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. घोडा एका दिवशी हरतो, म्हणून त्याचं रक्त हरत नाही.

तुमच्या दहा टक्क्यांबद्दल. ते आयुष्यभराच्या *कमाईचे* आहेत, वेगाचे नव्हेत. कमाई म्हणजे घोडा किती वेळा धावला, पायाचा टेंडन (स्नायूबंध) कधी गेला, मालकाने कुठल्या वर्गात उतरवला. या सगळ्याची सरमिसळ करून आनुवंशिकता शोधली तर ती पातळच दिसणार. शिवाय तीनशे वर्षं निवडून निवडून शिल्लक राहिलेल्या जातीतच तुलना करताय. सगळेच पळणारे, मग फरक थोडाच राहणार.

तबेला_नंबर_तीन

रझीन मान्य, पण एका रझीनमागे किती नावं मातीत गेली ते कोण मोजतं? कॅटलॉगमध्ये त्यांना पान नसतं.

आणि उलट बाजूने संडे सायलेन्स हा अमेरिकी घोडा घ्या. लहानपणी कुणाला नको होता, मागचे पाय वाकडे, आईकडची बाजू फिकी. 1989 मध्ये केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक या अमेरिकेतल्या बड्या शर्यती मारल्या. तरी अमेरिकेतल्या स्टडवाल्यांनी नाकं मुरडली, कारण आईच्या पानावर शाई कमी. जपानच्या झेन्या योशिदांनी नेला. पुढे सलग तेरा वर्षं तिथला अव्वल सायर, आणि मुलगा डीप इम्पॅक्ट, तिथला नामवंत घोडा. जपानची आजची सगळी शान त्या 'फिक्या' घोड्यावर उभी आहे. अमेरिकेने कागद वाचला, जपानने घोडा बघितला.

मांजरीकर

अहो, अर्धाच कागद वाचताय. संडे सायलेन्सचा बाप हेलो. तो स्वतः 1983 आणि 1989 ला उत्तर अमेरिकेत अव्वल सायर होता. याला तुम्ही बिनखानदानी म्हणणार?

खानदेशी_टाप

दोघांचं भांडण बघून मजा येतेय. आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे पेडिग्री कुणी विचारत नाही. पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) कुठे आहे, भोवरा कुठल्या बाजूला वळलाय, हे बघून लाखांचे भाव ठरतात. जाणती माणसं बोटाने केस बाजूला करून मानेवरचा भोवरा तपासतात. तुम्ही त्याला अंधश्रद्धा म्हणता. आणि तुमचे सुटाबुटातले लोक आजोबाचं नाव ठळक अक्षरांत छापलंय म्हणून कोट्यवधी मोजतात त्याला ब्लडस्टॉक म्हणता. भोवरा निदान घोड्याच्या अंगावर तरी असतो!

तबेला_नंबर_तीन

:) हे वाक्य कॅटलॉगच्या पहिल्या पानावर छापायला हवं.

गुणसूत्र

मी जनावरांचा डॉक्टर आहे, रेसचा शौक नाही. तुम्ही दोघं 'रक्त चालतं की नाही' यावर भांडताय. माझ्या लेखी प्रश्न वेगळाच आहे: रक्त उरलंय किती?

आजच्या नर थरोब्रेडांपैकी सुमारे 95 टक्के बापाच्या सरळ रेषेत डार्ली अरेबियन या एकाच घोड्यापर्यंत जातात. बायर्ली टर्क आणि गोडॉल्फिन अरेबियन हे बाकीचे दोन मूळपुरुष आता जवळजवळ पुस्तकातच राहिलेत. 2020 मध्ये डब्लिनच्या गटाने जगभरातल्या दहा हजारांहून अधिक घोड्यांचे जनुक तपासले. त्यातल्या 97 टक्के घोड्यांच्या वंशात नॉर्दर्न डान्सर होता. आणि गेल्या काही दशकांत सगोत्र पैदास वाढतच गेल्याचंही दिसलं.

हे आपोआप नाही घडलं. पूर्वी एका वळूला हंगामात चाळीसेक घोड्या लावत. आता स्कॅनिंगमुळे घोडी नेमकी कधी तयार आहे ते कळतं, त्यामुळे काही वळूंकडे एका हंगामात दोनशेहून जास्त घोड्या जातात. अमेरिकेच्या जॉकी क्लबने (थरोब्रेडची नोंदणी ठेवणारी संस्था) 2020 मध्ये नियम केला की त्या वर्षी आणि नंतर जन्मलेल्या वळूंना वर्षाला 140 घोड्यांचीच मर्यादा. केंटकीतल्या तीन बड्या फार्मांनी कोर्ट गाठलं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये नियम गुंडाळावा लागला. एका वळूच्या फीवर इतका पैसा अवलंबून असला की जातीच्या तब्येतीची काळजी कोण करणार?

मांजरीकर

डॉक्टरसाहेब, काळजी रास्त आहे. पण जवळचं रक्त म्हणजे वाईटच, असं नाही. एनेबल या घोडीची पेडिग्री (वंशावळ) काढा: सॅडलर्स वेल्स हा वळू बापाकडून तिसऱ्या पिढीत आणि आईकडून दुसऱ्या. थोडक्यात, आईचा बाप तोच बापाचा आजोबा. माणसात असं लग्न कुणी जुळवणार नाही. ती दोनदा आर्क ही फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. चौदापैकी चौदा जिंकलेल्या फ्रँकेलमध्ये नॉर्दर्न डान्सर दोन्हीकडून येतो. दोषही पक्के होतात आणि गुणही, म्हणून तर माणूस जोड्या जुळवत बसतो.

गुणसूत्र

एनेबल तुम्हाला दिसते, कारण ती जिंकली. तशाच जोडीतून जन्मलेलं आणि ट्रॅकपर्यंत कधी न पोहोचलेलं शिंगरू तुम्हाला दिसत नाही.

आणि 'गुण' म्हणजे नेमके कुठले तेही आता थोडं कळू लागलंय. 2010 मध्ये डब्लिनच्याच एमेलीन हिल यांनी मायोस्टॅटिनच्या (स्नायूंची वाढ आवरणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाचं काम छापलं. त्याचे दोन प्रकार. एकाच्या दोन प्रती असतील तर घोडा छोट्या, फटाफट शर्यतींचा. एक-एक असेल तर मधल्या पल्ल्याचा. दुसऱ्याच्या दोन असतील तर लांब पल्ल्याचा. घोडा जिंकणार का हे यातून कळत नाही, पल्ला कुठला हे बऱ्यापैकी कळतं. चाचणीला लागतं थोडंसं रक्त. आणि इथे अजून आजोबाच्या नावावर वाद चाललाय.

सिडनीकर_प्राजक्ता

मग खरं विचारते, कृत्रिम रेतन का नाही? गाईम्हशींत सर्रास चालतं. थरोब्रेडमध्ये जगभर बंदी: घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आले नाहीत तर शिंगरू स्टड बुकात, म्हणजे जातीच्या अधिकृत नोंदवहीत, चढतच नाही. इथे ऑस्ट्रेलियात एका माजी बुकमेकरने या बंदीविरुद्ध दावा ठोकला होता, 2012 मध्ये फेडरल कोर्टाने फेटाळला. बंदी टिकली, आणि तिच्यामुळे घोडे विमानाने या गोलार्धातून त्या गोलार्धात फिरतात. ऑगस्ट 2007 मध्ये इथे घोड्यांच्या इन्फ्लुएंझाने हाहाकार उडवला. तो विषाणू बाहेरून आणलेल्या वळूंच्या क्वारंटाइनमधून निसटला होता. नळीतून वीर्य पाठवलं असतं तर घोडा घरीच राहिला असता.

मांजरीकर

ताई, नळी आली की दोनशेच्या दोन हजार घोड्या होतील. मग डॉक्टरसाहेबांचे 97 टक्के शंभर व्हायला किती वेळ लागेल? प्रत्यक्ष संगमाची अट हाच आज शेवटचा बांध आहे. घोड्याच्या ताकदीलाही शेवटी मर्यादा असते.

वडील स्टडवर होते, लहानपणी ते काम जवळून बघितलंय. लोकांना वाटतं सोडला घोडा आणि झालं. आधी येतो टीझर, एक साधा, बिनकिमतीचा घोडा. लाकडी फळीच्या पलीकडून तो घोडीला हुंगतो. घोडीने लाथ झाडली की आज नाही. ती स्थिर उभी राहिली, शेपूट बाजूला केली, की डॉक्टरला निरोप. मग टीझरला लगाम ओढून परत नेतात आणि लाखमोलाचा राजा येतो. घोडीच्या शेपटीला पट्टी गुंडाळलेली, मागच्या पायांत जाड मऊ बूट, तिने लाथ मारलीच तर वळू वाचावा म्हणून. एक माणूस तिचं डोकं धरून, एक वळूच्या बाजूला. मिनिटा-दोन मिनिटांत काम संपतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी स्कॅन, जुळी आहेत का बघायला, कारण घोडीला जुळी झेपत नाहीत. मग अकरा महिने वाट. बऱ्याच करारांत फी तेव्हाच लागू होते जेव्हा शिंगरू स्वतःच्या पायावर उभं राहून दूध पितं. म्हणजे फी निव्वळ नावाला नाही, हे तबेला साहेबांनी ध्यानात घ्यावं.

तबेला_नंबर_तीन

जिवंत शिंगरू मिळण्याची हमी आहे, पळणारं मिळण्याची नाही. मुद्दा तोच होता.

रेसबुकवाला

चाळीस वर्षं महालक्ष्मीच्या रेलिंगवर उभा आहे, म्हणून दोन पैसे टाकतो. बाजार मूर्ख नाही, बाजार उशिरा शहाणा होतो. अमेरिकेतला इनटू मिसचिफ बघा. स्टडला आला तेव्हा कुणी विचारेना, फी 7,500 डॉलरपर्यंत खाली आली. पोरं धावू लागली, जिंकू लागली, आणि तीच फी 2,50,000 वर गेली. हे नाव नाही, हा निकाल आहे.

पण देशी घोड्याबद्दल तबेलावाल्याचं मला पटतं. मोठी शर्यत मारणाऱ्या देशी घोड्याला पहिल्या वर्षी दहा-पंधरा बऱ्या घोड्या तरी द्या. मिळतं काय त्याला? उरल्यासुरल्या. मग पोरं चालली नाहीत की म्हणायचं, बघा, रक्तच नव्हतं.

मांजरीकर

हे मात्र मलाही खटकतं. फक्त 'देशी' शब्दावर भाळून नको. ज्याने लांब पल्ल्यावर जिंकलं, पाय शाबूत ठेवून तीन-चार हंगाम धावला, त्यालाच द्या. आणि आई बघा! सगळा धागा बापावर चाललाय. रेसच्या जगात दोन घोडे भाऊ म्हणवतात ते आई एक असेल तरच; बाप एक असून चालत नाही, कारण बापाची पोरं दरवर्षी शंभर. आर्क जिंकलेल्या अर्बन सी या एका घोडीने गॅलिलिओ दिला आणि सी द स्टार्सही दिला, दोन वेगळ्या बापांपासून. या दोघांत समान असलेली तीच एक, आणि तिची फी कुणी लावत नाही.

तबेला_नंबर_तीन

आई मान्य. मग अमेरिकेतल्या जॉन हेन्री या घोड्याचं काय करायचं? आई-बाप दोघंही अनोळखी, शिंगरू असताना 1,100 डॉलरला गेला, बाप 900 ला फुकून टाकला होता. पासष्ट लाख डॉलरहून जास्त कमावले.

गुणसूत्र

आणि तो खच्ची केलेला होता, म्हणजे ते रक्त पुढे गेलंच नाही. रागीट म्हणून, सांभाळायला सोपा जावा म्हणून किती चांगले घोडे दोन वर्षांच्या आत खच्ची होतात याचा हिशेब कुठल्याही स्टड बुकात नाही. तुमच्या पेडिग्रीच्या शास्त्राला हे भोक आधी बुजवा.

रेसबुकवाला

डॉक्टर, खच्ची केला म्हणून तर तो नऊ वर्षांचा होईपर्यंत धावला आणि जिंकला. वळू असता तर चौथ्या वर्षी स्टडला गेला असता, आणि त्याच्या बापाचं नाव वाचून एकही घोडी आली नसती.