अंगणातल्या घसरगुंडीखाली काय टाकावं : वाळू, रबर की तालमीची माती?

गोदाकाठ : काळ्या मातीवर घसरगुंडी बसवायची तर पैसा आधी जमिनीत घाला. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून चिखल. वर्षभरात घसरगुंडीच्या सेटचे चार पाय चार उंचीला जातात, बोल्ट खिळखिळे होतात. दीड-दोन फूट काळी काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, दर थराला पाणी मारून धुमस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती-वाळू मिसळू न देणारं) कापड आणि १२ इंच धुतलेली नदीची वाळू. दबून ९ इंच राहिली तरच ४ फुटी मचाणाला (घसरगुंडीच्या वरच्या फळीला) पुरते. चहूबाजूंनी ६ फूट मोकळं सोडायचं, म्हणजे ४ बाय ८च्या सेटला १६ बाय २० फूट जागा. सव्वातीन ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू लागेल.

लाल_माती : एवढी वाळू कशापायी? तालमीत तांबड्या मातीवर पैलवान रोज आपटतात. तीच टाका.

गोदाकाठ : दादा, ती माती रोज खणतात, ताक-तेल घालून मऊ राखतात, म्हणून ती झेलते. शिवाय डोक्यावर छप्पर असतं. उघड्यावर एक पाऊस पडून वाळली की शहाबादी फरशीच. आणि पैलवानाला पडायचं कसं ते शिकवलेलं असतं. लेकरू डोक्यावर येतं.

टाइलवाला : वाळूत मांजरं घाण करतात, लेकरं ती घरभर आणतात. कोबा करून रबर टाइल लावा, कटकट संपली.

मृदा_ताई : भाऊ, कोणती टाइल? जिमची २०-२५ मिमीची ४ फुटांच्या पडण्यासाठी नसते. किती उंचीपर्यंत तपासली आहे, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. मे महिन्यातल्या दुपारी काळ्या रबरावर अनवाणी पाय ठेवून बघा, मग ठरवा. मांजरांचं म्हणाल तर रात्री वाळूवर ताडपत्री टाकली की झालं.

पण गोदाकाठ, तुमचंही अर्धंच आहे. काळ्या रानात दोन फूट खड्डा म्हणजे हौद! चहूबाजूंच्या चिकणमातीतून पाणी मुरत नाही, ते वाळूखाली तुंबतं. तळाला ५० फुटांत १ फूट उतार द्या, खालच्या कडेला खडीत गुंडाळलेला ४ इंची छिद्रांचा पाइप टाकून तो बाहेर काढा. आणि झोका विसरलात. दांडा ७ फुटांवर असेल तर पुढे १४, मागे १४ फूट लागतात. तुमचे सव्वातीन ब्रास तिथंच दुपटीच्या वर गेले. अंगण लहान असेल तर झोका नकोच.

गोदाकाठ : पाइपाचं मान्य, झोक्याचंही. पण खड्डा नको म्हणून भराव वर चढवाल तर कड उभी दगडी नको, पडताना तीच डोक्याला लागते.

लाल_माती : बरं, वाळूच. पण क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालेल का? स्वस्तात मिळते.

मृदा_ताई : नको. तिच्यातली भुकटी पाण्यानं घट्ट बसते, वर दाणा टोकदार. नदीच्या वाळूलाही दर आठवड्याला दाताळं मारावं लागतं. घसरगुंडीच्या टोकाला लेकरांच्या पायांनी खळगा पडतो, तो आधी भरा. खांबावर १२ आणि ९ इंचांना रंगाची रेघ मारून ठेवा. वाळू खालच्या रेघेला आली की खेळ बंद, आधी वाळू.