हलाखीचे बालपण आणि पहिली कादंबरी

स्वतःच्या गरिबीतल्या बालपणावर पहिली कादंबरी लिहिणारा लेखक केवळ नावे बदलून आत्मचरित्रच लिहितो, हे मत मला पटत नाही. जगलेल्या गोष्टीची कथा होताना काय बदलते, याकडे त्यात दुर्लक्ष होते. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचे उदाहरण पहिल्या कादंबरीचे नसले तरी येथे लागू पडते. १८२४ मध्ये, वडील कर्जापायी तुरुंगात गेले त्याच सुमारास, बारा वर्षांच्या डिकन्स यांना बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर लेबले चिकटवावी लागली. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये त्यांनी पॉलिशऐवजी वाइनच्या बाटल्या आणल्या, नायकाला पोरके केले, पण मनाला लागलेला अपमान मात्र तसाच ठेवला. वाचकांना ती कादंबरी भिडली, तेव्हा त्यामागची हकिकत त्यांना ठाऊकही नव्हती. ती डिकन्स यांच्या मृत्यूनंतर, त्यांचे मित्र जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून उघड झाली.

नवोदित लेखकाची खरी कसोटी, माझ्या मते, मोठेपणीची समज मुलाच्या तोंडी न घालण्यात असते. घर कर्जात बुडाले आहे हे मुलाला कळत नाही. दारावर थाप पडली की आई ओठांवर बोट ठेवते आणि बाहेरची पावले दूर जाईपर्यंत दिवा लावत नाही, एवढेच त्याला दिसते. हे दृश्य लिहून झाल्यावर 'गरिबीचे चटके' असे शब्द वापरणारा लेखक स्वतःच्याच लेखनावर अविश्वास दाखवतो, आणि पहिल्या कादंबऱ्यांत हे फार वेळा घडते.