वजन ६६ वर आलं, आता रविवारी काट्यावर उभं राहावंसंच वाटत नाही

संत्रीवाली, मानेवाडा

नमस्कार. मी ४७ वर्षांची, ऑफिसात हिशोबाचं काम करते. मागच्या वर्षी संक्रांत झाली आणि पोळी, भात, पोहे, साखर सगळं बंद केलं. तेव्हा वजन ८४ किलो आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.३ होतं. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या काठावर आहात. आईला शेवटची नऊ वर्षं इन्सुलिन टोचून घेताना पाहिलं होतं, त्यामुळे मला आणखी काही सांगावं लागलं नाही. दिवसाला ४० ग्रॅमच्या आत कर्बोदकं धरली. सकाळी दोन अंडी, डब्यात मेथी नाहीतर पालक आणि पनीर, रात्री चिकन किंवा वांग्याचं भरीत, सोबत जवसाची चटणी. या ऑगस्टमध्ये ६६ झाले. एचबीए१सी ५.५ आलं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचा, सिलिंडरचा, मावशींच्या खाड्यांचा हिशोब असतो. रविवारच्या चौकटीत मी पेन्सिलीनं वजन लिहायची. ८१.२, ८०.७, ८०.९, ८०.१. आकडा खाली आला की आठवडाभर पोळीकडे बघायचीसुद्धा गरज पडायची नाही. मुलगा झोपेतून उठून आधी ते पान बघायचा, मग ब्रश हातात घ्यायचा. ऑगस्टनंतर ६६.२, ६५.८, ६६.३ असंच चालू आहे. आता तो बघत नाही, आणि नोव्हेंबरच्या पाचही रविवारी मी काही लिहिलं नाही.

मग घसरण सुरू झाली. ऑफिसात दर शनिवारी तर्री-पोहे येतात. जवळपास दोन वर्षं मी बाजूला चहा घेऊन बसले, मनाला काही वाटलं नाही. गेल्या शनिवारी एक प्लेट खाल्ली. दुसऱ्या दिवशी एका लग्नात वडाभात आणि जिलबी. बुधवारी काट्यावर ६८.१. मला रडू आलं.

पण खरं लिहायचं आहे ते दुसरंच. काटोलजवळ बाबांची संत्र्याची बाग आहे, सध्या आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारं पीक, निघून राहिला आहे. बाबा ७६ वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा त्यांनी झाडाखालीच संत्रं सोललं, फोडींवरचे पांढरे धागे नखानं एकेक काढले, दोन फोडी तळहातावर ठेवल्या आणि हात पुढे केला. मी नको म्हटलं. मागचे दोन बहारही नकोच म्हणत आले. त्यांनी त्या फोडी परत सालीत ठेवल्या, काही बोलले नाहीत.

उतरवायचं होतं तेव्हा कशासाठी ते माहीत होतं. आता रोज सकाळी वाटतं, हे कशासाठी आणि कुठपर्यंत? जे माझ्यासारखे पोचले आहेत, ते काय धरून राहिले?

जवस-चटणी, त्रिमूर्तीनगर

ताई, आधी ६८.१ बद्दल. दोन किलो चरबी चार दिवसांत चढत नाही हो. आपण कर्बोदकं कमी करतो तेव्हा यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरानं राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा उतरतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. पोहे, भात, जिलबी खाल्ली की साठा भरतो, पाणी परत येतं. वर तर्रीतलं मीठ. चार-पाच दिवस नेहमीचं जेवा, बराचसा भाग आपोआप जाईल. सुरुवातीला पहिल्या आठवड्यात भराभर उतरलं होतं ना, तेही बरंचसं हेच पाणी.

हे मला २०१९ मध्ये कोणी सांगितलं नाही. ७१ वर पोचले, एकदा पुरणपोळी खाल्ली, दोन किलो वाढलेले बघून 'गेलं सगळं' म्हटलं आणि काटा पलंगाखाली सारला. दहा महिन्यांनी काढला तेव्हा ८३. त्या दहा महिन्यांत जे खाल्लं त्यापेक्षा काट्याकडे न बघणं मला महागात पडलं, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत १९९४ पासून, ज्यांनी किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलं अशा लोकांची नोंद ठेवतात. त्यातले बहुतेक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि रोज तासाभराच्या आसपास व्यायाम करतात.

दुसऱ्यांदा उतरवल्यावर मी एक आकडा सोडला आणि पट्टा धरला. माझा ७० ते ७३. आत असले की काही करायचं नाही. ७३ च्या वर गेले की भाकरी आठवडाभर बंद. या डिसेंबरात तीन वर्षं होतील. आणि ताई, आजच्या आज त्या चौकटीत ६८.१ लिहा.

अंबानगरीकर, अमरावती

मला एक समजलं नाही. वजन उतरवायचं नाही, तरी अजून ४० ग्रॅमच का? ते उतरवायचं माप होतं. दर दोन आठवड्यांनी रोजचे दहा ग्रॅम वाढवा आणि वजन कुठे स्थिर राहतं ते बघा. माझं ९० ग्रॅमवर थांबलं, म्हणजे दुपारी ज्वारीची एक भाकरी आणि थोडी उसळ. सध्या सोले (तुरीचे ओले दाणे) आणि वांग्याची भाजी खाऊन राहिलो आहे, काही बिघडलं नाही.

एवढं मात्र खरं की ८४ किलोच्या शरीराला जितकं लागत होतं तितकं ६६ च्या शरीराला लागत नाही, आणि भूक उलट जास्त लागते. तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही, शरीर गमावलेलं परत मागत असतं. म्हणून जुन्या ताटावर परत जाता येणार नाही. पण कमी कर्बोदकांचं सोवळंही पाळू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. कमी चरबी खाणाऱ्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं ६. फरक नगण्य. ज्याला जे निभतं ते त्याचं.

सकाळची फेरी, धरमपेठ

बेटा, मी ६८ वर्षांचा, मधुमेहाला २२ वर्षं झाली. तुझ्या बाबांच्या हातातल्या त्या दोन फोडी वाचून राहवलं नाही.

मध्यम संत्र्यात १२ ते १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, सोबत चोथाही असतो. रस काढून पिऊ नकोस, पूर्ण फळ खा, तेही जेवणानंतर. मी अर्धं संत्रं जेवणावर खातो आणि दोन तासांनी बोटाला सुई टोचून साखर बघतो. माझी १५० च्या आत राहते. तुझं शरीर वेगळं असेल, तू आपली मोजून बघ. मात्र जे साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी आहारात असे बदल डॉक्टरांना विचारूनच करावे. माझी एकदा ५८ पर्यंत उतरली होती, फुटाळा तलावाच्या काठावर हातपाय थरथरायला लागले.

मी काय धरून राहिलो ते सांगतो. माझ्या मोठ्या भावाची दृष्टी साखरेनं गेली. मी दरवर्षी दिवाळीनंतर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करतो. तिथल्या खुर्चीत हनुवटी टेकवली की पुढच्या वर्षभराचं बळ मिळतं. तुझ्याकडे तुझ्या आईची आठवण आहे. ६६ चा आकडा तर तू फक्त मधे ठेवला होतास.

संत्रीवाली, मानेवाडा

तिघांचेही मनापासून आभार. काका, तुमची शेवटची ओळ मी दोनदा वाचली. आईचं खरंच विसरायला झालं होतं. तिचं ग्लुकोमीटर कपाटात तसंच आहे, पट्ट्यांची मुदत संपली होती, काल नव्या आणल्या.

आज काटोलला गेले. जेवणात वांग्याची भाजी, दोन अंडी, ताक. नंतर बाबांना म्हटलं, एक संत्रं सोला. ते माझ्याकडे बघत राहिले, मग बागेत जाऊन स्वतः निवडून आणलं. पूर्ण खाल्लं, आठ फोडी. दोन तासांनी साखर १२४ आली. बाबांनी चष्मा लावून आकडा बघितला आणि विचारलं, "चांगलं आहे का हे?" मी हो म्हटलं तर आणखी सोलायला घेतलं, त्यांना थांबवावं लागलं.

जवस-चटणी ताई, ६८.१ लिहिलं. आज सकाळचं ६६.७ आहे, तेही लिहिलं. माझा पट्टा ६५ ते ६८ धरते.

अमरावतीच्या दादांना एक विचारायचं आहे. दहा-दहा ग्रॅम वाढवताना भाकरी आधी घेतली की उसळ? माझ्या सासूबाई उद्यापासूनच ज्वारीची करते म्हणून राहिल्या आहेत.