मदत हवी आहे: कंपनीतली सूचनापेटी ओस पडली आहे, लोकांना पुन्हा बोलतं कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

आमची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. साधारण दोनशे माणसं, दोन शिफ्ट. मी उत्पादन विभागात आहे. गेल्या वर्षी नेहमीचं काम सांभाळून 'नव्या कल्पनांना चालना' देण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मी खूप उत्साहाने सुरुवात केली. सूचनापेटी लावली, फॉर्म छापले, महिन्यातल्या सर्वोत्तम सूचनेला बक्षीस जाहीर केलं. पहिल्या महिन्यात पेटी गच्च भरली. पाचव्या महिन्यात दोनच चिठ्ठ्या निघाल्या.

एक प्रसंग मनातून जात नाही. पॅकिंगमध्ये एक काका आहेत, खूप जुने. त्यांनी सुचवलं होतं की भाग ट्रेमध्ये आडवे रचण्याऐवजी खाचा करून उभे ठेवावेत, म्हणजे एकमेकांवर घासून चरे पडणार नाहीत. सूचना समितीकडे गेली. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. तिने 'खर्चाचा अंदाज जोडा' असा शेरा मारून फॉर्म परत पाठवला. काका कुठून अंदाज काढणार? मी करून द्यायला हवा होता, पण डिस्पॅचच्या गडबडीत राहून गेलं. परवा त्यांना विचारलं, "काका, नवीन काही सुचलंय का?" ते म्हणाले, "साहेब, आधीच्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वरिष्ठांचं म्हणणं, बक्षिसाची रक्कम वाढवा. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं हेही कळत नाही. लोकांना कामाच्या वेळेतच थोडा मोकळा वेळ द्यावा असं वाटतं, तर टार्गेटचं काय, असा प्रश्न येतो. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

काकांनी तुम्हाला उत्तर देऊन टाकलं आहे. तुमच्याकडे कल्पना भरपूर आहेत, आटलाय तो विश्वास.

सूचना योजना काही नवीन नाही. टोयोटाने १९५१ साली स्वतःची योजना सुरू केली आणि ती आजही चालू आहे. तिथे भर असतो तो स्वतःच्या कामातल्या छोट्या सुधारणांवर. त्या लाईनवरच करून बघता येतात आणि सुचवणारा माणूसही ते करण्यात असतो. तुमच्याकडे पाच मिनिटांत तपासता येईल अशा ट्रेच्या खाचेलाही समितीची वाट बघावी लागते. माझा सल्ला, लहान सूचनेला 'हो' म्हणण्याचा अधिकार लाईन सुपरवायझरला द्या आणि त्याच्या हाताशी थोडी रक्कम ठेवा. समितीकडे फक्त मोठा खर्च किंवा सुरक्षिततेचा प्रश्न असलेल्याच सूचना जाऊ द्या. आणि प्रत्येक चिठ्ठीला आठवड्याच्या आत उत्तर. 'नाही' असलं तरी चालेल, पण कारण समोर जाऊन सांगायचं. आमच्याकडे नकार मिळालेल्या माणसांनीही पुन्हा सूचना दिल्या. ज्यांना काहीच कळवलं गेलं नाही, ते परत फिरकले नाहीत.

प्रतिसाद २

मोकळ्या वेळेबद्दल लिहितो. थ्रीएम कंपनीत १९४८ पासून संशोधकांना पंधरा टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या कामाला देण्याची मुभा आहे. पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या कागदी चिठ्ठ्या, हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. पण तारखा बघा. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये तो हलका चिकटणारा गोंद सापडला. तेव्हा त्याचा उपयोग काय, हे कोणालाच कळेना. त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांच्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या खुणा सारख्या गळून पडायच्या, त्यातून त्यांना १९७४ मध्ये या गोंदाची आठवण झाली. अमेरिकाभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये. म्हणजे बारा वर्षं! गोंद बनवणारा एक, त्याचा उपयोग ओळखणारा दुसरा. म्हणून वेळ द्याच, पण वेगवेगळ्या विभागांची माणसं एकत्र बसतील असंही बघा. पॅकिंगवाले आणि टूलरूमवाले आठवड्यातून एक तास एका टेबलाशी बसले, तरी ट्रेसारखे प्रश्न तिथेच सुटतील.

उलट उदाहरण कोडॅकचं. स्टीव्हन सॅसन या त्यांच्याच इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवून दाखवला. एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागायचे. कंपनीचा सगळा धंदा फिल्मवर, त्यामुळे त्या कॅमेऱ्यामागे ती पूर्ण ताकदीने कधी उभी राहिली नाही. २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

प्रतिसाद ३

बक्षिसाची रक्कम वाढवणं तुम्हाला पटत नाही, पण माझं मत थोडं वेगळं आहे. पैसे अजिबात नकोत असं म्हणू नका. निळ्या एलईडीवर काम करणारे शुजी नाकामुरा यांना त्यांच्या कंपनीने शोधाबद्दल २०,००० येन दिले होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. पुढे २०१४ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. ज्या कल्पनेतून कंपनीला खरोखर मोठा फायदा होतो, तिथे वाटा द्यावाच. पण दरमहा 'सर्वोत्तम' एक निवडलात की बाकीचे सगळे हरतात, आणि तीन-चार महिन्यांत तेच तेच लोक उरतात. ती स्पर्धा बंद करा. लहान सुधारणेला सगळ्यांसमोर नाव घेऊन आभार पुरतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल टूलरूममधून एक नमुना ट्रे करून घेतला आणि काकांच्याच हातात दिला. आधी मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ट्रे उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, खाच दोन मिलिमीटर खोल हवी. आज दुसरा नमुना होतोय. समितीची अट लहान सूचनांसाठी काढून टाकण्याचा प्रस्तावही दिला आहे.

एक अडचण मात्र राहते. आमचे एक सुपरवायझर कामाला चोख आहेत, पण हाताखालच्या माणसाने काही सुचवलं की त्यांना तो स्वतःच्या चुकीवर ठेवलेला ठपका वाटतो. त्यांच्या लाईनवरून वर्षभरात एकही चिठ्ठी आलेली नाही. अधिकार त्यांच्याच हातात द्यायचा, तर आधी त्यांच्याशी कसं बोलू? असा अनुभव कोणाला असेल तर जरूर लिहा.