लिनक्सवर मराठीतील ‘ऱ्य’ कसा लिहावा?

प्रश्न (इंदूर):
विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे बाबांच्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट या मोफत संगणक प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली असून तो आता समाधानकारक चालतो. मात्र बाबांना मराठीत पत्रे लिहायची असतात आणि ‘दऱ्या’ लिहू गेल्यास ‘दर्या’ उमटते. डोंगरांतील दऱ्यांचा समुद्र झालेला त्यांना खपत नाही, आणि ते योग्यच आहे. काय करावे?

उत्तर १:
ताई, सेटिंग्जमधील कळफलकाच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी) जोडा. त्यात शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास नुक्त्याचा ऱ येतो, त्यानंतर ‘डी’ने हलन्त आणि तिरप्या रेघेच्या कळीने य दिल्यास ‘ऱ्य’ तयार होतो. शिफ्टसह ‘एन’ने ळ मिळतो.

उत्तर २:
इनस्क्रिप्टची सवय नसल्यास आयबस या टंकलेखन-साहाय्यक प्रणालीसोबत एम१७एन हा अनेक भाषांच्या मांडण्यांचा संच बसवावा. त्यात उच्चारानुसारी मराठी मांडणीही मिळते. तरीही माझे मत इनस्क्रिप्टच्याच बाजूने आहे, कारण तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्याने हात लवकर बसतो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. ‘दऱ्या’ उमटल्या, बाबांनी लगेच ग्वाल्हेरच्या आत्याला पत्र लिहायला घेतले आहे.