क्वांटम ऑफ सोलेस: हाणामारी एवढी, मग पडद्यावर कळत का नाही?

निळा_पडदा

डॅनियल क्रेगचे बाँडपट म्हणजे कॅसिनो रोयाल (२००६) आणि पाठोपाठ क्वांटम ऑफ सोलेस (२००८) बघितला की दुसऱ्यात काहीतरी बिनसलंय हे जाणवतं. नेमकं काय, त्यावर मात्र बोट ठेवता येत नाही. मतं तर दोन टोकांची ऐकू येतात. काही जण त्याला क्रेगच्या पाचांतला सगळ्यात कच्चा म्हणतात, काही जण म्हणतात की लोकांनी त्याच्यावर अन्याय केला.

माझे दोन प्रश्न आहेत. सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग आणि हैतीतला बोटींचा पाठलाग यांत कोण कुठे आहे तेच समजत नाही. हे मुद्दाम केलंय की घाईत झालंय? दुसरं म्हणजे खलनायक ग्रीनचा बेत. तेल, पाणी, बोलिव्हियातलं बंड आणि सीआयए यांचा मेळ कसा लावायचा? प्रसंग धरून सांगितलंत तर बरं होईल. शेवट उघड झाला तरी चालेल.

दोन_फ्रेम

अॅक्शन जास्त आहे ही तक्रार मला पटत नाही. कॅसिनो रोयालमध्येही ती कमी नव्हती. फरक आहे तो जागा दाखवण्यात.

मादागास्करचा पाठलाग आठवा. बाँडच्या पुढे पळणारा सेबास्टियन फुकाँ क्रेनवर चढतो तेव्हा कॅमेरा आधी लांबून क्रेनची उंची दाखवतो, मग त्यावरची दोन माणसं, आणि त्यानंतर जवळून हात-पाय. पुढचा पाचेक मिनिटांचा थरार त्या एका लांबच्या शॉटच्या जिवावर चालतो. शिवाय दोघांच्या धावण्यातून स्वभाव कळतो. फुकाँ फटीतून अलगद निसटतो, बाँड सरळ भिंत फोडून बाहेर येतो.

आता क्वांटमची सुरुवात घ्या. गार्डा सरोवराकाठचा बोगदा, गडद रंगाची अॅस्टन मार्टिन डीबीएस, मागे दोन काळ्या अल्फा रोमिओ १५९. गाड्यांचा रंग जवळपास एक, बोगद्यात अंधार, पुढे खाणीत धूळ. अशा वेळी डोळ्यांना आधार म्हणून लांबचे शॉट जास्त द्यायला हवेत. इथे उलट केलंय: चाक, डोळा, गिअर, ट्रकचं नाक, पुन्हा चाक. अॅस्टनचं दार उखडलं जातं, तो केवढा मोठा स्टंट आहे! पण ते कशाला धडकून उखडलं हे नजरेत भरायच्या आत पुढचा कट येतो. स्टंट खरा, गाडी खरी, रस्ता खरा, आणि पदरात पडते ती नुसती खडखड.

बोटींचं तर त्याहून वाईट. शेवटी बाँड नांगराचा हूक मागच्या रबरी बोटीत अडकवतो आणि ती हवेत उलटते. दोराचं दुसरं टोक कशाला बांधलंय हे एका शॉटमध्ये ठसठशीत दाखवलं असतं तर टाळी पडली असती. कारण आधी दिसलं नाही, तर परिणाम जादूसारखा वाटतो आणि त्यातली हुशारी वाया जाते.

ही शैली आली कुठून तेही बघा. दुसऱ्या युनिटचा, म्हणजे स्टंट चित्रित करणाऱ्या तुकडीचा, दिग्दर्शक डॅन ब्रॅडली. बॉर्न मालिकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातलं तेच काम त्याचं होतं. मॅट चेसीबरोबर संकलन करणारा रिचर्ड पिअरसन हाही बॉर्नच्या दुसऱ्या भागाच्या संकलकांपैकी एक. बॉर्नमध्ये कॅमेरा साध्या संवादातही हलतो, त्यामुळे मारामारीत हलला तर खुपत नाही. दिग्दर्शक मार्क फॉर्स्टरचे संवादाचे प्रसंग मात्र शांत आणि नीट आखलेले आहेत. मग मारामारी सुरू झाली की वेगळाच चित्रपट लागल्यासारखं होतं.

मुद्दाम की घाईत? माझ्या मते दोन्ही. चित्रीकरण जून २००८ मध्ये संपलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी चित्रपट लंडनमध्ये झळकला. एवढ्या मोठ्या कामासाठी चार महिने फार थोडे. कुठला कट दोन सेकंद लांबवायचा हे कळण्यासाठी तयार झालेला चित्रपट काही दिवस बाजूला ठेवून पुन्हा बघावा लागतो. तेवढी सवड इथे नव्हती.

कागदावरचा_सिनेमा

संकलनाला सगळा दोष देऊ नका. मूळ दुखणं पटकथेत आहे.

हॉलिवूडच्या लेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला. पटकथालेखक पॉल हॅगिसने आपला मसुदा संपाच्या तोंडावर दिला आणि जानेवारीत चित्रीकरण सुरू झालं. म्हणजे सेटवर प्रसंग अडला तर लेखकाला हाक मारायची सोय नव्हती. क्रेगने नंतर मुलाखतींत सांगितलंय की तो आणि फॉर्स्टर मिळून प्रसंग पुन्हा लिहीत होते. अभिनेता आणि दिग्दर्शक कितीही गुणी असले तरी दोन प्रसंगांमधला सांधा जुळवणं हे लेखकाचं काम.

आता ग्रीनचा बेत. तो चित्रपटात तुकड्या-तुकड्यांत येतो, म्हणून सलग मांडतो:

१. ग्रीनची पर्यावरणवादी कंपनी हा मुखवटा. तिच्या नावाखाली तो जमिनी घेतो.
२. पदच्युत जनरल मेद्रानोला तो बोलिव्हियाची सत्ता परत मिळवून देणार. बदल्यात मागतो वाळवंटाचा एक तुकडा, जो जनरलच्या लेखी कवडीमोलाचा आहे.
३. त्या जमिनीखाली तेल आहे असा सीआयएचा समज. तेलात वाटा मिळेल या आशेवर ते बंडाकडे काणाडोळा करतात. ब्रिटिश सरकारही त्याच कारणाने बाँडची वरिष्ठ एम हिला गप्प बसायला सांगतं.
४. तेल नाहीच. ग्रीनने जमिनीखालच्या नद्या बांध घालून अडवल्यात. गावागावांत नळ कोरडे पडतात ते त्यामुळे.
५. सत्ता हाती येण्याच्या तोंडावर मेद्रानोसमोर करार येतो: पाणीपुरवठा फक्त ग्रीनची कंपनी करणार, तोही दुप्पट दराने.

बेत मुळात पक्का आहे, आणि हवेतला नाही. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, दर भडकले आणि २००० साली लोक रस्त्यावर उतरले. शेवटी सरकारला करार रद्द करावा लागला. हे माहीत असेल तर ग्रीन लगेच समजतो.

चूक मांडणीची आहे. चौथा मुद्दा बाँड आणि त्याची साथीदार कामिल विमानातून उडी मारून विवरात पडतात तेव्हा कळतो, म्हणजे चित्रपट निम्म्याच्या बराच पुढे गेल्यावर. तोवर प्रेक्षक तेलाच्या मागे असतो. आणि पाणी सापडल्यावर ते ज्यांचं तोडलंय ती माणसं पडद्यावर येतात फक्त एका छोट्या प्रसंगात, रिकाम्या भांड्यांसह. अशा दोन-तीन प्रसंगांना जागा दिली असती तर मॅथ्यू अमालरिकचा किरकोळ अंगाचा खलनायक खरोखर भयंकर वाटला असता.

गच्चीवरून

वरच्या दोन्ही प्रतिसादांतली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष नाही. १०६ मिनिटांचा हा बाँडपट मालिकेतला सगळ्यात छोटा आहे, आणि तेच त्याचं बळ आहे. कॅसिनो रोयाल १४४ मिनिटांचा. क्वांटमची कथा तो संपल्यावर तासाभरात सुरू होते. त्याची प्रेयसी व्हेस्पर गेलीय आणि माणूस आतून पेटलेला आहे. त्याने निवांत मार्टिनी पीत बसावं अशी अपेक्षाच चुकीची. तो पितो, पण विमानात रात्री एकटा बसून, सहा पेले, आणि त्या पेयाला व्हेस्परचं नाव दिलेलं आहे हेसुद्धा उच्चारत नाही. इतकं संयत दुःख या मालिकेत फार कमी वेळा आलंय.

‘बाँड, जेम्स बाँड’ हे वाक्य नाही, मालिकेतली नेहमीची पात्रं क्यू आणि मनीपेनी नाहीत. पिस्तुलाच्या नळीतून दिसणारी ती ठरलेली आकृतीसुद्धा शेवटी येते. या चित्रपटात तो अजून बाँड व्हायचा आहे, म्हणून.

आणि ब्रेगेन्झ विसरलात? ऑस्ट्रियात कॉन्स्टन्स सरोवरावरचा तरंगता रंगमंच, त्यावर प्रचंड मोठा डोळा, समोर पुच्चिनीचा टोस्का. क्वांटम या गुप्त टोळीचे सदस्य प्रेक्षकांत विखरून बसलेत आणि कानातल्या यंत्रातून बैठक चाललीय. बाँड मध्येच बोलतो. घाबरलेले उठून चालू लागतात आणि तो वरून त्यांचे फोटो काढतो. मिस्टर व्हाइट तेवढा जागचा हलत नाही. एका न हललेल्या माणसातून कळतं की या टोळीत अक्कल कुणाला आहे. त्यानंतरच्या गोळीबारात बंदुकांचे आवाजच काढून टाकलेत, फक्त संगीत राहतं. असा प्रसंग घाईत सुचत नाही.

हैतीच्या हॉटेलातली स्लेटशी झालेली झटापटही बघा. दोन माणसं, एक खोली, एक चाकू. शेवटी बाँड त्याचा जीव जाईपर्यंत धरून बसतो. तिथे वेगवान कट चालतात, कारण खोली लहान आहे आणि माणसं दोनच.

पाण्याबद्दल कागदावरचा_सिनेमा यांचं म्हणणं मान्य. पण २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावं लागलं हे बघितलेल्या महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला कोरड्या नळाचा एक प्रसंगही पुरेसा आहे.

दोन_फ्रेम

@गच्चीवरून, ब्रेगेन्झ हा चित्रपटातला सर्वोत्तम भाग, यात वादच नाही. पण तो चांगला का आहे ते पाहा. आधी रंगमंच, प्रेक्षागृह आणि बाँडची वरची जागा सगळं शांतपणे दाखवून घेतलंय. म्हणून नंतर कट कितीही आले तरी आपण हरवत नाही. जे तिथे जमलं ते सिएनात निम्मंच जमलं. पालिओची घोड्यांची शर्यत आणि जमिनीखालचा पाठलाग आळीपाळीने दाखवलेत. दोन्हीकडे धावाधाव, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. टोस्कातल्या हत्येचा बाहेरच्या हत्यांशी संबंध लागतो. घोड्यांचा पळणाऱ्या मिचेलशी, एमच्या फितूर अंगरक्षकाशी, लागत नाही. छपरांवर आल्यावर मोकळं आकाश मिळतं आणि पाठलाग लगेच कळू लागतो. परांचीवरची दोरांना लटकून झालेली मारामारी मला तर फार आवडते: एकाचं वजन खाली गेलं की दुसरा वर. तिथे कारण आणि परिणाम एकाच चौकटीत दिसतात.

फॉर्स्टरने अॅक्शनचे मोठे तुकडे पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी या कल्पनेवर बांधलेत. त्यातला हवेचा सगळ्यात कच्चा. डीसी-३ चे शॉट मेक्सिकोत खऱ्या विमानांवर घेतलेत आणि ते उत्तम आहेत. उडी मात्र इंग्लंडमधल्या वाऱ्याच्या बोगद्यात चित्रित करून पार्श्वभूमी नंतर जोडली. चेहरे खरे, खोली खोटी, त्यामुळे पडण्याची भीती वाटत नाही. तेवढ्या कमी उंचीवर पॅराशूट उघडून दोघं जिवंत राहतात हे पचवणं अवघड.

निळा_पडदा

ग्रीनचा बेत आता लख्ख कळला, आभार. पुन्हा बघायचा तर कसा बघू? आणि बाँडचा साथीदार मॅथिस मेल्यावर त्याला कचऱ्याच्या पेटीत टाकणं कुणाला खटकत नाही का?

रिळवाला

पुन्हा बघताना एवढं करा.

टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग असते, ती आधी बंद करा. लहान-लहान कट आणि हलता कॅमेरा असला की ती मधल्या फ्रेम चुकीच्या बनवते आणि गाड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. या चित्रपटाला ती सेटिंग फार मारते. मोबाइलवर बघूच नका. जवळचे शॉट इतके आहेत की लहान पडद्यावर जागेचा उरलासुरला अंदाजही जातो. इंग्रजी उपशीर्षकं लावा. इंजिनांच्या आवाजात महत्त्वाची नावं बुडतात आणि सीआयएच्या बीमचं विमानातलं बोलणं एकदा निसटलं की तेलाचा धागा तुटतो.

कॅसिनो रोयालची शेवटची वीसेक मिनिटं, व्हेनिसपासून पुढची, आधी बघा आणि मध्ये खंड न पाडता हा लावा. व्हेस्परच्या गळ्यातली गाठीची माळ, तिचा प्रियकर युसूफ आणि मिस्टर व्हाइट या तीन गोष्टी डोक्यात ताज्या हव्यात. शेवटचा काझानचा प्रसंग त्यांच्यावरच उभा आहे. तिथे बाँड युसूफला जिवंत सोडतो. आधीच्या दीड तासात चौकशीच्या उपयोगी पडतील अशी बरीच माणसं त्याच्या हातून मेलीत आणि एम त्याला तेच बजावत असते. हे लक्षात ठेवून बघितलं तर हाणामारीचा अतिरेक कथेचाच भाग वाटू लागतो.

मॅथिसबद्दल: पेटीत टाकण्याच्या आधीची मिनिटं नीट ऐका. मरताना तो बाँडला सांगतो की व्हेस्परला माफ कर, स्वतःलाही माफ कर. बाँडला त्यातलं काहीच पेलत नाही. म्हणून तो प्रेत टाकतो, खिशातले पैसे काढतो आणि निघतो. प्रसंग क्रूर आहे आणि तसाच असायला हवा. खटकतं ते फील्ड्स या ब्रिटिश एजंट तरुणीचं मरण. तेलाने माखलेलं तिचं प्रेत ही गोल्डफिंगरमधल्या (१९६४) सोन्याने मढवलेल्या प्रेताची आठवण आहे, पण फील्ड्सला त्याआधी माणूस म्हणून जेमतेम उभं केलंय. तिथे पटकथेचे दोष सांगणाऱ्यांशी मी सहमत आहे.

कागदावरचा_सिनेमा

एक राहिलं. काझाननंतर आणखी एक प्रसंग चित्रित झाला होता: बाँड थेट मिस्टर व्हाइट आणि पंतप्रधानांचा सल्लागार गाय हेन्स यांच्यापर्यंत पोहोचतो. तो काढून टाकला. त्यामुळे हेन्सचं पुढे काय झालं हे पडद्यावर कधीच येत नाही. स्कायफॉलने (२०१२) क्वांटमचा विषयच सोडला. २०१३ मध्ये स्पेक्टरचे हक्क निर्मात्यांना परत मिळाले, आणि २०१५ च्या चित्रपटात क्वांटम ही त्या मोठ्या टोळीची एक शाखा ठरली.

गच्चीवरून

काढला ते बरंच केलं. बर्फात टाकलेल्या माळेनंतर गोळीबार आला असता तर काझानचा सगळा परिणाम धुऊन गेला असता. हेन्सचा धागा सोडवायचाच होता तर एमच्या तोंडी एका वाक्यात सोडवता आला असता, तिथेच, त्या इमारतीबाहेर.